अंगठेभाऊंचं चौथं मुखपृष्ठ

अंगठेभाऊंना सही करता येत होती, आणि त्यांचं अक्षर तर असं की लोक लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. तरी सारं पवनी गाव त्यांना अंगठेभाऊ म्हणायचं. मुखपृष्ठाचा नमुना समोर ठेवला की ते आधी तळहातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे आणि कागदाकडे बघत बघत मळत राहायचे. मळून झालं की चुन्याने पांढरा झालेला अंगठा कागदावर दाबायचा. खाली उजव्या कोपऱ्यात ठसा उमटला तर मुखपृष्ठ पास. दुसरीकडे कुठेही उमटला तर पुन्हा करा. काय चुकलं ते विचारायचं नाही. ठसा पडला तिथेच खोट आहे, एवढं आपलं आपण ओळखायचं. मी त्यांच्याकडे हे काम शिकले तेव्हा माझ्या बहुतेक कागदांच्या मधोमध चुना असायचा.

बाजारओळीत त्यांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. मी शाळेत संगीत शिकवायचे, संध्याकाळी घरी पेटीचे वर्ग घ्यायचे. आम्ही दोघांनी मिळून ‘सूरबोडी’ नावाचं मासिक काढलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, धानाला पाणी देणारं. झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी, भजनी मंडळांच्या चाली, लग्नात बायका म्हणतात त्या गाण्यांचे शब्द, असा सगळा ऐवज त्यात असायचा. मजकूर माझा, तोंड त्यांचं. मुखपृष्ठाला ते तोंडच म्हणत. मोबाईलच्या दिवसांत हे कसलं खूळ, असं लोक म्हणायचे, आणि मलाही मनातून तसंच वाटायचं. भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. “मोबाईल हातात घेतला का मानूस खाली पाहाते, बाई. अंक टांगला का मान वर करते.”

आतला मजकूर एकच आणि तोंडं तीन, ही त्यांची युक्ती. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांसाठी न चमकणारा कागद, कारण चकचकीत कागदावर बल्बचा उजेड पडला की त्यांना धड काही दिसत नाही. अक्षरं चष्मा खिशात असतानाही वाचता यावीत एवढी मोठी. भगवा रंग मात्र एका पट्टीपुरता. एकदा मी हौसेने सगळं पान भगवं केलं, तर मधोमध ठसा बसला. मी हट्टी, काही प्रती तशाच छापून घेतल्या. पुढे कळलं की एका गावच्या मंडळाने आपल्या प्रतीला हळदकुंकू वाहून ती देव्हाऱ्यात ठेवून दिली. रोज तिला उदबत्ती ओवाळायचे, उघडून मात्र कोणी पाहिली नाही. भाऊ त्यावर नुसते मिशीत हसले.

नाटकवेड्या पोरांच्या अंकावर काळ्यावर पिवळी, तिरकी, नाटकाच्या पोस्टरसारखी अंगावर येणारी अक्षरं. बायकांचा अंक पर्समध्ये मावेल एवढा आणि त्यावर चेहराच नाही; ढोलकीवर पडलेले बांगड्यांचे हात, बस. सासऱ्यासमोर परक्या गड्याचं तोंड असलेला कागद कोणती सून हातात घेईल, असं त्यांचं म्हणणं. पण खरी गोम नजरेत होती. भजनाच्या अंकावरच्या माणसाचे डोळे मिटलेले असायचे. पोरांच्या अंकावरचा माणूस थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचा. “गानं कानानं आइकतेत,” भाऊ म्हणायचे, “पन अंक कोनं उचलाचा थे नजर ठरवते.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांच्या भेटीगाठी, रात्री नाटक. आंधळगावच्या मंडईत आम्ही अंक टांगून बसलो होतो. एका जोडप्याने दोन वेगळे अंक घेतले आणि जिलबी खाता खाता उघडून बघितले, तर आत गाणी तीच. नवरा तावातावाने परत आला, हा काय लबाडीचा धंदा म्हणून. भाऊंनी शांतपणे तंबाखू मळली. “मजकूर एकच हाये,” ते म्हणाले, “पन तुमी दोघं एक हाव का?” बायकोला असं हसू फुटलं की नवऱ्याचा राग जागच्या जागी विरला. मीही हसत भाऊंकडे वळले, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून ते नाटकाच्या मांडवाकडे पाठ करून बसले आहेत. ऊन तोंडावर येत होतं तरी त्यांनी खुर्ची वळवली नव्हती.

याच मंडईतून त्यांचा धाकटा भाऊ धनराज निघून गेला होता. ही गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी परतीच्या एसटीत सांगितली, खिडकीबाहेर बघत. धनराजचा ढोलकीवर हात फार गोड. घरच्या भजनी मंडळात तो लहानपणापासून वाजवायचा, मग नाटक कंपनीतही वाजवायला लागला. भाऊंना ते खपलं नाही. मंडईच्या भजनात, साऱ्या मंडळासमोर, त्यांनी त्याला सांगितलं की त्या गाण्यांना लावलेले हात घेऊन इथल्या सतरंजीवर बसू नको. धनराज उठला. ढोलकी तिथेच ठेवून गर्दीत गेला, आणि नंतर लाखांदूरच्या स्टँडवर उतरताना कोणीतरी त्याला पाहिलं तेवढंच. “मले त्याचं तोंड आठवत नाही, बाई,” भाऊ म्हणाले. “डोळे मिटले का पाठच दिसते.”

चौथ्या मुखपृष्ठाचा अर्थ मला तेव्हा लागला. दर महिन्याचे अंक छापून आले की भाऊ आणखी एक तोंड तयार करायचे. एकच प्रत. त्यावर सतरंजीवर बसलेला एक पाठमोरा माणूस, त्याच्या बाजूला एका माणसापुरती रिकामी जागा, आणि वर मासिकाचं नाव अगदी फिकट. मी तोपर्यंत समजत होते की हा त्यांचा काहीतरी प्रयोग आहे. असला पाठमोरा अंक कोण विकत घेणार, असं मी एकदा त्यांना चिडवलंही होतं. आता मी विचारलं की ज्याला बोलवायचं त्याच्याकडे पाठ का? ते म्हणाले, “रुसलेल्या मानसाच्या तोंडाकडे टक लावून पाहाचं नसते. थोडं सरकून बसाचं. जागा दिसली का थो आपोआप येते.”

ती प्रत ते स्वतः लाखांदूरला नेऊन स्टँडवरच्या पानठेल्याच्या तारेला टांगायचे, सगळ्यात शेवटच्या चिमट्याला. आणि ती जायची. दर महिन्याला जायची. ठेलेवाल्याला विचारलं तर तो हात झटकायचा. आपण विकली नाही, कोणी मागितली नाही, चिमटा रिकामा दिसतो, एवढंच त्याला माहीत. बाकीचे अंक आठवडा-आठवडा वाऱ्यावर फडफडत असायचे. चौथा मात्र त्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत राहिला असं कधी झालं नाही. भाऊंना याचं काडीचं नवल वाटायचं नाही. अंक जातो म्हणजे धनराज आहे, इतका सरळ त्यांचा हिशेब होता.

पण हा हिशेब एका माणसाला फार जड जात होता. धनराजची बायको, कौसल्या, त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत राहायची. भाऊंची बायको कधीच वारली होती, त्यामुळे त्यांचं जेवणखाण तीच करायची. आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. ताट झालं की ती दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायची आणि भाऊ समजायचे. जे काही सांगायचं ते मला उद्देशून सांगायची, भाऊ तिथेच बसलेले असताना. माणूस परत आला नाही की बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ती बारा वर्षं केव्हाच उलटून गेली होती. गावात कोणी हळदीकुंकवाला बोलवायचं तर तिला बोलवावं की नाही, यावर बायका दाराशी कुजबुजत उभ्या राहायच्या. एकदा ती माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, त्यायले विचारा. मी कुंकू लावू का पुसू, थेवढं सांगा.”

भाऊंनी ताटातला घास खाली ठेवला. तेही माझ्याकडेच बघून बोलले. अंक जाऊन राहिला तोवर पुतळा होणार नाही, म्हणाले. कौसल्या आत निघून गेली. मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते आणि मला भाऊंचा मनापासून राग आला. अंक कोण नेतं हे माहीत नसताना एका बाईचं आयुष्य असं चिमट्याला अडकवून ठेवायचं, हे कसलं प्रेम? खरं सांगायचं तर मला तेव्हा कौसल्याचाच संशय होता. आशा सुटू नये म्हणून तीच कोणाकरवी अंक उचलत असेल, असं वाटायचं. पुढे कळलं की तिला भाऊंचा संशय होता.

पुढच्या महिन्यात भाऊ तापाने अंथरुणाला खिळले आणि अंक टांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कौसल्याला सोबत नेलं. म्हटलं, एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे. लाखांदूरच्या स्टँडवर भर दुपार होती. धानाच्या बांध्यांवरून येणारा वारा पडला होता, एकही गाडी लागलेली नव्हती, ठेलेवाला स्टुलावर बसून पेंगत होता. मी स्वतःच्या हाताने पाठमोऱ्या माणसाला शेवटच्या चिमट्यात अडकवलं आणि आम्ही दोघी समोरच्या बाकावर बसलो. मग पवनीची गाडी आत आली, ठेल्यासमोरून वळून पुढे जाऊन उभी राहिली. तिच्यातून कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. गाडी समोरून सरकली तेव्हा चिमटा रिकामा होता. तो नुसता हलत होता, आणि तारेवरचे बाकीचे चिमटे जागच्या जागी स्थिर होते. कौसल्याने माझा हात धरला. आम्ही ठेल्याच्या मागे पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, गाडीत चढून पाहिलं. मग त्याच गाडीने परत आलो.

त्यानंतर मी चौथ्या मुखपृष्ठाकडे नीट बघायला लागले. प्रती जात असल्या तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळी चित्रं होती. एका दुपारी मी ती ओळीने उघडली आणि माझे हात थांबले. सुरुवातीच्या चित्रांत माणसाची निखळ पाठ होती. मधल्या चित्रांत डावा खांदा किंचित आत वळला होता. अलीकडच्यांत त्याचा कान दिसत होता. मी भाऊंना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “मी तं तेच चित्र ठेवतो दरवेळी.” मी म्हटलं, मग हा कान कुठून आला? ते बराच वेळ पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. “आइकून राहिला असन,” ते म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकाच्या वेळी त्यांनी चौथं तोंड माझ्या हातात दिलं तेव्हा मला आधी काही वेगळं वाटलं नाही. मग दिसलं की सतरंजीवर दोन माणसं बसली आहेत. दोघंही पाठमोरी, खांद्याला खांदा लावून. यात मोकळी जागा कुठे ठेवली, असं मी विचारलं. भाऊ तंबाखू मळत होते. म्हणाले, या वेळी ठेवली नाही. कोपऱ्यात त्यांनी स्वतःच स्वतःला पास करून टाकलं. इतक्या वर्षांत आपल्या कामावर अंगठा उठवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मला ते उगीचच खटकलं, पण अंक बांधायचे होते, गाडी धरायची होती, मी विसरून गेले.

मंडईच्या आधीच भाऊ गेले. सकाळी दुकान उघडून खुर्चीवर बसले ते बसलेच. मी पोचले तेव्हा डावा तळवा उघडा होता, त्यात मळलेली तंबाखू तशीच होती, आणि उजवा अंगठा पांढरा. वैनगंगेच्या काठावरून आम्ही परतलो तेव्हा मला रडायलाही सुचत नव्हतं. घरात वडीलधारं माणूस गेल्यावर कसं होतं, ते मला वडिलांच्या वेळी कळलं नव्हतं इतकं भाऊंच्या वेळी कळलं.

दोन माणसांचा तो अंक माझ्याकडेच राहिला होता; त्यांनी नेला असता तसा तो मी लाखांदूरला नेऊन टांगला. तो गेला नाही. संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशी होता, आठवड्याने ठेलेवाल्याने फोन करून सांगितलं की बाई, तुमचा तो पाठवाला अंक अजून इथंच हाये, धूळ बसून राहिली. महिना संपला तरी तो शेवटच्या चिमट्यालाच होता. मी तो काढून आणला, पुसला आणि कौसल्यापुढे ठेवला. तिने त्या दोन पाठींवरून हळूच बोट फिरवलं. मग ती जे बोलली ते मला उद्देशून नव्हतं. भाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे सरळ बघत, आयुष्यात पहिल्यांदा ती भासऱ्याशी बोलली. “आता कायले नेईन थो? भेटले ना तुमी दोघं.”

चुलतघरच्या पुतण्याने पुतळ्याला अग्नी दिला. पळसाची पानं कौसल्याने स्वतः निवडली, फाटकं एकही घेतलं नाही. कुंकू तिने नदीवर स्वतःच्या हाताने पुसलं आणि कपाळ धुऊन बराच वेळ उन्हात बसून राहिली. मला वाटलं होतं, ती कोसळेल. ती म्हणाली, आज भूक लागून राहिली. घरी येऊन तिने भात टाकला आणि आम्ही दोघी जेवलो. ताट घेऊन ती सवयीने चौकटीपाशी गेली, बांगड्या नसलेला हात लाकडावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. तेव्हा मात्र आम्ही दोघीही रडलो.

मासिक मी बंद केलं नाही. तीन तोंडं आता मीच करते. मिटलेले डोळे, रोखलेले डोळे, बिनचेहऱ्याचे हात, सगळं त्यांनी शिकवलं तसं. पास कोण करणार, एवढाच प्रश्न असतो. कोपरा कोरा राहतो आणि तो कोरा कोपरा मला बघवत नाही. गेल्या महिन्यात न राहवून मी एक चौथं मुखपृष्ठ केलं. माझं पहिलंच. सतरंजी घातली, तिच्यावर माझी पेटी ठेवली, पेटीच्या बाजूला जागा सोडली. माणूस काढला नाही, कारण भाऊंची पाठ मला आठवत नाही. मला त्यांचं तोंडच आठवतं. लाखांदूरला जाऊन ते शेवटच्या चिमट्याला लावलं आणि तिथे न थांबता पंचायत समितीतलं माझं काम उरकायला गेले.

उन्हं उतरताना परत आले तेव्हा अंक जागेवरच होता. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. काढून हातात घेतला, तर पेटीच्या अगदी शेजारी, मी सोडलेल्या जागेच्या कडेला, चुन्याचा पांढरा ठसा होता. ओलसर, ताजा. त्या स्टँडवर निम्म्या लोकांच्या अंगठ्याला चुना असतो, हे मलाही कळतं. ठेलेवाल्याला मी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर अंक मांडीवर घेऊन त्या ठशाकडे बघत राहिले. कोपऱ्यात नव्हता तो. म्हणजे पुन्हा करा.

घरी आले, हातपाय धुतले, कॉम्प्युटर लावला आणि पेटी थोडी बाजूला सरकवली.